आखूड धावपट्टीच्या बेटावर पहिल्यांदा उतरताना

कॅरिबियन समुद्रातल्या सबा बेटाची धावपट्टी जेमतेम ४०० मीटर लांब आहे. मोठ्या विमानतळांवर हीच लांबी तीन-साडेतीन किलोमीटर असते. सबाच्या पट्टीच्या एका बाजूला डोंगर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली थेट समुद्र. १९६३ मध्ये ती सुरू झाली आणि अजूनही तिथे १९ आसनी ट्विन ऑटर विमानं उतरतात, प्रवासी घेऊन परत उडतात.

सगळीच बेटं इतकी टोकाची नसतात. पण उष्णकटिबंधातल्या बहुतेक लहान बेटांची अडचण याच जातीची असते: सपाट जमीन थोडी, हवा गरम आणि दुसरा विमानतळ बराच लांब. काउंटरवर बॅगेबरोबर तुम्हालाही वजनकाट्यावर उभं करतात, तुमची बॅग उद्याच्या विमानाने येईल असं शांतपणे सांगतात, विमान अर्धं रिकामं असूनही तिकीट मिळत नाही. या सगळ्याचं कारण त्या तीन गोष्टींत आहे. ते एकदा कळलं की बाकीची तयारी सोपी होते.

पहिलं काम: विमानतळ नेमका कुठे आहे ते बघा

बुकिंगच्या आधी नकाशा मोठा करून बघा. बेटाचं आणि विमानतळाचं नाव एकच असलं, तरी दोन्ही एकाच जमिनीवर असतील असं धरून चालू नका. बोरा बोराचं मुख्य बेट डोंगराळ आहे, म्हणून विमानतळ कडेच्या मोटू मुटे नावाच्या चिंचोळ्या प्रवाळी पट्टीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तो बांधला. तिथे उतरलं की सामानासकट बोटीत बसायचं आणि मगच मुख्य बेट गाठायचं. लक्षद्वीपमध्ये नियमित प्रवासी विमान जातं ते अगत्तीला. कवरत्ती किंवा बंगारामला जायचं तर पुढे समुद्र ओलांडावाच लागतो, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की लहान बोटींचा भरवसा राहत नाही. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी एकच प्रश्न नीट विचारून ठेवा: 'विमान उतरल्यापासून तुमच्या दारापर्यंत कसं यायचं, आणि विमानाला उशीर झाला तर तेच साधन थांबतं का?' उत्तर गुळमुळीत आलं तर पहिल्या रात्रीची सोय विमानतळाजवळच करा.

पॅसिफिकमध्ये जात असाल तर तारखेचाही हिशोब ठेवा. आंतरराष्ट्रीय वाररेषा तिथूनच जाते. सामोआ आणि अमेरिकन सामोआ शेजारी-शेजारी आहेत, छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, पण दोघांच्या घड्याळात पूर्ण २४ तासांचा फरक. सामोआने २०११ च्या शेवटी आपली बाजू बदलली आणि त्या वर्षीचा ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही. सामोआतल्या आपियाहून शुक्रवारी निघालात तर अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला गुरुवारी उतरता. तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक तारखा बरोबर छापलेल्या असतात. घोळ होतो तो हॉटेलच्या बुकिंगमध्ये, कारण ते आपण मनातल्या तारखेने करतो. म्हणून आधी तिकीट हातात घ्या, उतरण्याची तारीख बघा आणि मग खोली ठरवा.

दुसरं: तिकीट काढताना उजेडाचा विचार

अनेक लहान बेटांवर रात्री विमान उतरत नाही. कुठे धावपट्टीला दिवे नसतात, कुठे भोवतालचे डोंगर अंधारात घातक असतात. कॅरिबियनमधल्या सेंट बार्थेलेमी बेटावर विमान दोन टेकड्यांमधल्या खिंडीवरून, खालच्या रस्त्याला अगदी लागून खाली येतं आणि सुमारे ६५० मीटरच्या पट्टीवर टेकतं. पट्टी संपते तिथे पुळण. हा प्रकार दिवसाउजेडीच करायचा आणि तोही खास प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकानेच. मालदीवमधली पाण्यावर उतरणारी सीप्लेनही फक्त उजेडात उडतात. म्हणजे तुमचं आंतरराष्ट्रीय विमान दुपारी उशिरा मालेला पोहोचणार असेल, तर दूरच्या बेटावर त्याच दिवशी जाणं बहुधा जमणार नाही. स्वस्तातलं संध्याकाळचं तिकीट घेऊन वाचवलेले पैसे एका रात्रीच्या खोलीत जातात.

शक्य असेल तिथे सकाळचं विमान घ्या. उन्हं चढली की डोंगराळ बेटांवर गरम हवा वर जाते, दुपारपर्यंत माथ्याभोवती ढग दाटतात, सरी येतात. सकाळी हवा तुलनेने शांत आणि थंड असते. सकाळचं विमान रद्द झालंच, तर दुपारचं मिळण्याची आशा तरी उरते. संध्याकाळच्या विमानाच्या मागे काहीच नसतं.

मोठं विमान आणि बेटावरचं छोटं विमान, दोन्ही शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुम्हाला 'आला नाहीत' असं धरून मोकळी होते. एका तिकिटावर असाल तर पुढची सोय लावायची जबाबदारी त्यांची. तसं तिकीट मिळत नसेल तर मध्ये एक रात्र ठेवा. इथे कंजूषी करू नये असं माझं ठाम मत आहे, विशेषतः जिथे आठवड्यातून एक-दोनच विमानं जातात तिथे. अशा ठिकाणी विमान चुकणं म्हणजे अर्धी सुट्टी चुकणं.

वारा वेळापत्रक किती मोडू शकतो याचं सेंट हेलेना हे चांगलं उदाहरण आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटासाठी नवा विमानतळ बांधून झाला. २०१६ मध्ये चाचणीची विमानं उतरली तेव्हा लक्षात आलं की कड्यावरून येणारा वारा धावपट्टीच्या एका टोकाशी अचानक दिशा आणि वेग बदलतो. ठरलेली मोठी विमानं बाजूला ठेवावी लागली आणि नियमित प्रवासी सेवा सुरू व्हायला १४ ऑक्टोबर २०१७ उजाडला, तीही लहान एम्ब्रेअर विमानाने. आजही हवा बिघडली की तिथलं विमान आफ्रिकेच्या किनाऱ्यावर थांबून राहतं.

चक्रीवादळांचे महिनेही बघून घ्या: कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात जाऊच नये असं नाही, पण रद्द करता येणारं तिकीट आणि विमा दोन्ही हवेत.

तिसरं: कागद

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण जे आहे ते टाळता येत नाही. बऱ्याच बेटांवर परतीचं किंवा पुढचं तिकीट दाखवल्याशिवाय प्रवेश नाही, आणि ते तपासलं जातं तुम्ही निघता त्याच विमानतळाच्या काउंटरवर. लक्षद्वीपसाठी बाहेरच्या भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो, नुसतं ओळखपत्र पुरत नाही. पीतज्वराचा (यलो फिव्हरचा) धोका असलेल्या देशातून येत असाल तर लसीचा दाखला मागतात, आणि लस किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. सगळ्याच्या छापील प्रती ठेवा, कारण छोट्या विमानतळावर इंटरनेट असेलच असं नाही. आणि पिशवीतलं सनस्क्रीन तपासा: पलाऊने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक घटक असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे, तसली ट्यूब दिसली तर ती तिथेच ठेवून घेतात.

चौथं: वजन, वजन आणि वजन

नवखे लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

विमानाची कामगिरी मोजताना समुद्रसपाटीला १५ अंश तापमान हे प्रमाण धरतात. बेटावर दुपारी ३२ अंश असतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, पंख्याच्या पात्यांना हवेत पकड कमी मिळते. समुद्राला लागून उभं असलेलं ते विमान प्रत्यक्षात सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या विमानतळावर असल्यासारखं वागतं. उडायला जास्त लांब धाव लागते, आणि लांबी तर तिथे नाहीच. शिवाय बेटावर उतरता आलं नाही तर दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जायला किंवा परत फिरायला पुरेल इतकं इंधन बरोबर घ्यावं लागतं, तेही जड. धावपट्टी वाढवता येत नाही, इंधन कमी करता येत नाही. मग कमी काय करणार? माणसं आणि सामान. म्हणून काही आसनं मुद्दाम रिकामी ठेवतात, आणि तरीही भागलं नाही तर बॅगा मागे राहतात.

काउंटरवर तुमचं वजन घेतात तेही यासाठीच. १९ किंवा ९ आसनी विमानात सरासरी वजन धरून चालत नाही, आणि कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, हेही त्यावरून ठरतं. हातातल्या बॅगेसकट काट्यावर उभं राहा, लाजण्यासारखं त्यात काही नाही. सामोआतल्या एका छोट्या विमान कंपनीने तर २०१३ मध्ये तिकिटाचा दरच प्रवाशाच्या वजनावर लावला होता आणि जगभर चर्चा ओढवून घेतली होती.

सामानाची मर्यादा मोठ्या विमानाची धरू नका. छोट्या विमानात १५ ते २० किलोच चालतं, कधी त्याहून कमी. तिकिटाच्या शेवटच्या टप्प्यासाठी काय लिहिलंय ते वाचा आणि संपूर्ण प्रवासाचं सामान त्याच हिशोबाने भरा. कडक चौकोनी सुटकेस नको. मऊ, दाबता येणारी पिशवी घ्या, कारण ट्विन ऑटरच्या मागच्या कप्प्यात सामान ठेवतात ते खाचाखोचांत बसवून. अतिरिक्त सामानाचे पैसे भरले की प्रश्न सुटला असंही समजू नका. पैसे भरलेली बॅगही वजन जास्त झालं की मागेच राहते.

बॅग एक दिवस उशिरा येणार असं धरूनच सामान लावा. औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे, पोहण्याचे कपडे आणि सगळे कागद हातातल्या पिशवीत. आणि त्या पिशवीच्या आत एक आणखी छोटी पाऊच ठेवा. छोट्या विमानात डोक्यावर कप्पे नसतात, असले तरी अरुंद असतात, त्यामुळे हातातली पिशवीही विमानाच्या दारात काढून घेऊन मागे टाकतात. त्या वेळी पासपोर्ट, पैसे, औषधं आणि पॉवर बँक असलेली पाऊच पटकन काढून जवळ ठेवता आली पाहिजे. पॉवर बँक सामानाच्या कप्प्यात चालत नाही, हे घाईत कुणी आठवण करून देईलच असं नाही.

पाचवं: विमानापर्यंत चालत

बहुतेक ठिकाणी टर्मिनलमधून विमानाच्या दाराला जोडणारा पूल नाही, बस नाही, विमानापर्यंत चालतच जायचं. जमिनीवर रंगवलेल्या रेषेवरून किंवा कर्मचारी दाखवतील तिथूनच चाला. फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पंखे बंद आहेत असं वाटलं तरी त्यांच्या समोरून जाऊ नका. टोपी आणि ओढणी-स्कार्फ हातात धरा. एटीआर जातीच्या विमानात प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं, पुढच्या दारातून सामान जातं. त्यामुळे 'पुढची रांग' म्हणजे सगळ्यात शेवटी उतरणं.

जागा निवडता येत असेल तर खिडकी घ्या. एटीआर, ट्विन ऑटर, डॅश ८ या विमानांचे पंख छतावर असतात, म्हणून खाली बघायला अडथळा येत नाही. आयलँडर नावाच्या चिमुकल्या विमानात मधून चालायला वाटच नसते, बाहेरूनच दार उघडून आपापल्या रांगेत शिरायचं. तिथे कधी एखाद्या प्रवाशाला वैमानिकाच्या शेजारी बसवतात. तो मान तुम्हाला मिळाला तर खुशाल मिरवा, पण पायाखालच्या पेडलना आणि समोरच्या दांड्याला हात-पाय लावू नका, कॅमेऱ्याचा पट्टाही तिथे अडकू देऊ नका.

एक वेगळा प्रकार म्हणजे होनोलुलू ते गुआम जाणारं 'आयलंड हॉपर'. हे बोइंग ७३७ वाटेत माजुरो, क्वाजालेन, कोसराए, पोनपेई, चूक अशा बेटांवर थांबत जातं. तुमचा थांबा कितवा ते आधीच पाठ करा. क्वाजालेनला अमेरिकी लष्करी तळ आहे, तिथे परवानगीशिवाय उतरता येत नाही.

सहावं: हवेत

सूचना ऐका, विशेषतः लाइफ जॅकेटच्या. पाण्यावरून उडतोय म्हणून ती औपचारिकता राहत नाही. जॅकेट कुठे आहे ते हाताने चाचपून बघा. लहान विमानात ते आसनाखाली किंवा कमरेच्या पाऊचमध्ये असतं. आणि एक नियम डोक्यात पक्का करा: दाराबाहेर पडेपर्यंत ते फुगवायचं नाही. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ जण गेले. त्यातल्या अनेकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी आत शिरल्यावर ते छताकडे ढकलले गेले आणि त्यांना खाली वाकून दारापर्यंत पोहोचता आलं नाही.

बाकी प्रवास आवाजाचा असतो, कानात घालायला बोळे ठेवा. ट्विन ऑटर आणि आयलँडरमध्ये स्वच्छतागृह नसतं. या विमानांत केबिनमधला दाबही वाढवलेला नसतो, म्हणून ती कमी उंचीवरून जातात. सर्दी असेल तर उतरताना कान दुखतात, गिळत राहा. पांढऱ्या गुबगुबीत ढगांतून जाताना धक्के बसतात, बेट जवळ आलं की आणखी. पट्टा सैल करू नका.

सातवं: उतरणं

पहिल्यांदा जाणारा माणूस इथे घाबरतो, आणि घाबरण्यासारखं दिसतंही. खिडकीतून नुसतं पाणीच जवळ येत राहतं, जमीन दिसतच नाही. मग एकदम दगड, फेस आणि धावपट्टी. हे अपेक्षितच आहे, कारण पट्टी अनेकदा पाण्याच्या काठापासूनच सुरू होते.

चाकं टेकतात तेव्हा चांगलाच दणका बसतो. आखूड पट्टीवर अलगद टेकवत बसलं तर मौल्यवान मीटर वाया जातात, म्हणून ठरलेल्या जागी ठामपणे टेकवायचं आणि लगेच ब्रेक, असंच शिकवतात. पंख्यांची पाती उलट कोनात वळतात, मोठा घरघराट होतो, अंग पुढे फेकलं जातं. गुळगुळीत उतरण्यावरून वैमानिकाची पारख करणारे लोक इथे हमखास चुकतात.

कधी टेकता टेकता इंजिन गर्जतं आणि विमान पुन्हा वर जातं. वारा बदलला, ठरलेली जागा मागे पडली किंवा पट्टीवर कुत्रं आलं, कारण काहीही असेल. याचा अर्थ वैमानिक नियमाने वागला. एक चक्कर मारून पुन्हा प्रयत्न होतो, आणि नाहीच जमलं तर विमान निघालं तिथे परत जातं. आधी सुचवलेली मधली मोकळी रात्र अशा वेळी कामाला येते.

टेकल्यावर विमान टोकाला जाऊन गर्रकन वळतं आणि त्याच पट्टीवरून परत येतं. शेजारी वेगळा रस्ता बांधायला जागाच नसते. पंखे थांबेपर्यंत उठू नका.

आठवं: उतरल्यावर

टर्मिनल म्हणजे कधी एक छप्पर आणि काही बाकं. सामान ढकलगाडीवरून येतं, आपणच ओळखून उचलायचं. बॅग आली नसेल तर तिथल्या माणसाकडे तेव्हाच नोंद करा, कारण विमान गेलं की तासाभरात कुलूप लागतं. तुवालूच्या फुनाफुतीमध्ये तर विमान नसताना धावपट्टी हेच गावाचं मैदान असतं. संध्याकाळी तिथे व्हॉलीबॉल रंगतो आणि विमान यायच्या आधी भोंगा वाजवून सगळ्यांना बाजूला करतात.

रोख पैसे विमान बदलता तिथेच काढून घ्या. बेटावर एटीएम असलं तरी ते चालू असेल यावर विसंबू नका.

विमानं जवळून बघायचा मोह होतो, तो कुंपणापासून लांब राहून पुरवा. कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनच्या माहो किनाऱ्यावर डोक्यावरून जाणारी जेट बघायला गर्दी होते. उतरणाऱ्या विमानापेक्षा उडणारं धोक्याचं, कारण त्याच्या इंजिनाचा झोत मागे येतो. २०१७ मध्ये कुंपणाला धरून उभी असलेली एक पर्यटक महिला त्या झोताने फेकली गेली आणि दगावली.

नववं: परतीचं आधीच ठरवा

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानाची वेळ पुन्हा विचारून घ्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी आणखी एकदा. वेळा बदलतात आणि निरोप तुमच्या ई-मेलपर्यंत पोहोचेलच असं नाही.

स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर शेवटचे दिवस उलटे मोजा. एकाच डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास उडू नये, असा डायव्हिंगमधल्या वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. पूर्ण २४ तास ठेवले तर उत्तम. 'छोटं विमान खालूनच जातं' या भरवशावर हा नियम मोडू नका. पुढचं मोठं विमान खालून जात नाही.

शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच राहू द्या. कठीण प्रवाळ आणि मोठ्या शिंपल्यांच्या काही जाती आंतरराष्ट्रीय व्यापार करारात संरक्षित आहेत, भारतात वन्यजीव कायदाही लागतो, आणि छोट्या विमानतळावर पिशवी हाताने उघडून बघतात.

बेटावरून निघणारं विमान आणि घरी नेणारं मोठं विमान एकाच दिवशी ठेवू नका. शेवटची रात्र मोठ्या विमानतळाच्या गावात काढा. परतताना दुपारच्या उन्हात उडायचं असेल तर वजनाची मर्यादा जास्त बोचते, म्हणून काउंटर उघडण्याच्या आधीच रांगेत उभे राहा. वजन जास्त झालं तर उशिरा आलेल्यांच्या बॅगा आधी उतरवल्या जाण्याची शक्यता अधिक.